न शिकवण्याचं बक्षीस

आमच्या विद्यापीठात सगळ्यात चांगलं शिकवणाऱ्याला बक्षीस काय देतात, सांगू? वर्षभर शिकवायचं नाही. हसू नका. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही हसले होते.

एक पितळी पाटी, डीनसाहेबांबरोबर फोटो, कोंबडी-बटाट्याचं जेवण, आणि वर एक अख्खं वर्ष वर्गातून मोकळीक. का, तर म्हणे बिचाऱ्याला 'स्वतःचं काम' करायला वेळ मिळावा. म्हणजे इतकी वर्षं करत होता ते काय शेजाऱ्याचं काम होतं? सुगरणीला म्हणायचं, शाब्बास बाई, आता वर्षभर चुलीकडे फिरकू नकोस! पण प्राध्यापकांना यात काही वावगं दिसत नाही. त्यांच्यात मान असाच मोजतात. जो जितका मोठा तितके त्याचे वर्ग कमी, आणि सगळ्यात मोठा जो असतो तो वर्षभर कुणाच्या दृष्टीलाही पडत नाही.

मी आर्लीन कुचेरा. वेस्ट फोर्कच्या सरकारी विद्यापीठात, मानव्य विभागाच्या कचेरीत एकोणतीस वर्षं बसते आहे. वेळापत्रक मी लावते, बैठकांची टिपणं मी लिहिते, आणि कोण कुणाशी बोलत नाही हेही मलाच लक्षात ठेवावं लागतं. हाल्वर ब्रेक्केंच्या बाबतीत जे झालं त्याची सुरुवात माझ्या हातून झाली. दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

ब्रेक्के म्हणजे उंच, पाठीत जरा वाकलेले, बारा महिने एकाच तपकिरी कोटात. वडिलांचा दुधाचा धंदा होता, त्यामुळे पहाटे उठायची सवय. सात वाजता त्यांच्या खोलीत दिवा लागलेला असायचा. सत्तावीस वर्षं त्यांनी एकच वर्ग धरून ठेवला होता, पहिल्या वर्षाचा, मानव्य ११०. तो सगळ्यांना सक्तीचा, त्यामुळे मुलं यायची ती तोंडं पाडून. कुणी शेतावरचं, कुणी मांसाच्या कारखान्यातल्या कामगाराचं. नर्स व्हायला आलेल्या मुलीला जुन्या लोकांनी न्यायाबद्दल काय लिहून ठेवलंय त्याच्याशी काय देणंघेणं? बाकीचे प्राध्यापक या वर्गाचं नाव काढलं की आजारी पडायचे. ब्रेक्के मात्र दर वर्षी स्वतःहून मागून घ्यायचे.

साठ मुलं, आणि दर तीन आठवड्यांनी प्रत्येकाचा एक निबंध. त्या निबंधावर ब्रेक्के एक अक्षर लिहीत नसत. मुलाला शेजारी बसवायचे आणि म्हणायचे, "वाच. मोठ्याने." मुलगा स्वतःचंच लिहिलेलं वाचायला लागायचा आणि वाचता वाचता कुठेतरी अडखळायचा. तिथे ते पेन्सिलीने एक ठिपका देत. वाचून झालं की एकेका ठिपक्यावर बोट ठेवून विचारायचे, "इथे का थांबलास?" एवढंच त्यांचं शिकवणं. एका मुलाला वीस मिनिटं, म्हणजे साठांचे झाले वीस तास, आणि मग पुढचे निबंध तयार. त्यांच्या दारासमोरच्या बाकावर सतत दोन-तीन मुलं कागद घेऊन बसलेली असायची.

भिंत पातळ, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. एकदा डुकरं पाळणाऱ्यांच्या घरातली एक मुलगी आत होती.

"इथे का थांबलीस?"

"कारण हे खोटं आहे, प्रोफेसर. मला असं वाटतच नाही. पुस्तकात होतं म्हणून ठोकून दिलं."

"मग तुला काय वाटतं?"

"ते लिहायचं असतं?"

"मग काय, माझं लिहायचं?"

मग ती बाई जी बोलायला लागली, ती अर्धा तास थांबेना. मी टाइप करायचं सोडून ऐकत बसले. बाहेर आली तेव्हा नाक लाल, आणि मला म्हणते, "तुमच्याकडे कोरे कागद आहेत का?"

या सगळ्यात ब्रेक्केंचं स्वतःचं पुस्तक लिहायचं राहिलं ते राहिलंच. नोकरी कायम झाली, पण पुस्तक नाही म्हणून बढती नाही. आमचे विभागप्रमुख गॉर्डन प्रुइट, तीन पुस्तकांचे धनी, भर बैठकीत टोमणा मारायचे, "हाल्वर, तुझं पुस्तक कधी येतंय रे? का आम्ही सगळे वर गेल्यावर?"

"बाहेर एक मुलगी बसली आहे, गॉर्डन," ब्रेक्के म्हणायचे. "तिचं ऐकतो आणि मग सांगतो."

त्या हिवाळ्यात डीनच्या कचेरीतून कुजबुज सुरू झाली. ११० फार खर्चिक, एक अख्खा प्राध्यापक साठ मुलांमागे गुंतलेला, तो वर्ग पडद्यावर टाकावा, म्हणजे मुलं घरबसल्या संगणकावर बघून शिकतील. मी विचार केला, ब्रेक्केंना ते अध्यापनाचं बक्षीस मिळवून द्यायचं. विद्यापीठाने ज्या वर्गाचा गौरव केला त्याला हात लावायची कुणाची छाती होईल? मला वाटलं, काय डोकं चालवलंय! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ब्रेक्के नको म्हणाले.

"त्यात वर्षभर वर्ग काढून घेतात ना, आर्लीन?"

"एका वर्षाचा तर प्रश्न, प्रोफेसर. वर्ष काय, भुर्रकन जातं. पण वर्ग कायमचा वाचेल."

"खात्री आहे तुला?"

"अगदी शंभर टक्के."

अजून आठवलं की जीभ हासडावीशी वाटते. खात्री! कशाच्या जिवावर दिली मी?

समितीला पुरावा हवा होता, आणि या माणसाच्या शिकवण्याचा कागदोपत्री पुरावा म्हणजे पेन्सिलीचे ठिपके. मग मी जुन्या मुलांना पत्रं पाठवली. एकशे बारा उत्तरं आली. एका नर्सने लिहिलं होतं, रोगी बोलता बोलता कुठे थांबतो तिकडे मी अजून कान देते. जेवणाच्या सुट्टीत ती पत्रं वाचून मी इतकी रडले की सँडविच तसंच घरी नेलं. फाइल चार बोटं जाड झाली आणि बक्षीस मिळालं. ब्रेक्केंनी पाटी घेतली, फोटोत उभे राहिले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या दारासमोरचा बाक रिकामा झाला.

तेवढ्या वर्षापुरतं ११० ब्रेंट हॉलिसकडे गेलं. हा डिजिटल कक्षातला तरतरीत गडी, दात पांढरेशुभ्र, सगळ्यांना नावाने हाक मारणारा. माणूस वाईट नाही हो. त्याने दहा-दहा मिनिटांच्या चित्रफिती केल्या, परीक्षा अशी बसवली की यंत्रच प्रश्न विचारतं आणि यंत्रच गुण देतं. साठाच्या जागी चारशे मुलं. नुसतं उंटावरून शेळ्या हाकणं! पण शेळ्या मोजायला सोप्या पडल्या, आणि डीनना मोजणी फार प्रिय.

ब्रेक्के त्या वर्षीही रोज सात वाजता यायचे. दार उघडं ठेवून बसायचे. मी कधी घरी केलेले कोलाचे, आमच्याकडचे मुरंबा भरलेले गोड पाव, नेऊन द्यायची, ते दुपारपर्यंत तसेच पडलेले.

"जमतंय का काम?" मी एकदा विचारलं.

"काम करायला बसलो की कान बाहेर लागतात," ते म्हणाले. "आणि बाहेर कुणी नसतं."

"संपेल हो वर्ष. उरलेच किती महिने?"

वर्ष संपलं. एप्रिलमध्ये पुढचं वेळापत्रक लावायला प्रुइटनी त्यांना बोलावलं. मी टिपणं घ्यायला कोपऱ्यात बसले होते.

"आकडे बघ, हाल्वर. चारशे मुलं, नापास होणारे निम्म्यावर आले. डीन खूश आहेत. ११० आता तसंच चालणार."

"ती मोठ्याने वाचतात का?"

"कोण?"

"मुलं."

"अरे बाबा, चारशे मुलं कुणासमोर वाचणार?"

"मग मला साठ दे."

"कुठून देऊ? अख्खा वर्ग तिकडे गेलाय. आणि तुझ्यासाठी याहून मोठं काम ठेवलंय आम्ही. अध्यापन केंद्र! प्राध्यापकांनी शिकवावं कसं ते तू त्यांना शिकवायचं. महिन्यातून एकदा, वर जेवण."

"मला पहिल्या वर्षाची मुलं हवीत, गॉर्डन."

"अरे, लोक त्यांच्यापासून पळतात आणि तू..."

"तीस दे."

"हाल्वर."

"वीस."

प्रुइट खिडकीबाहेर बघायला लागले. माझं पेन कागदावर तसंच थांबलं होतं.

"दहा तरी दे," ब्रेक्के म्हणाले.

त्यांना दहाही मिळाली नाहीत. प्राध्यापकांसाठीच्या त्या पहिल्या जेवणाला सतरा जण आले, सूप पिऊन बारा गेले, उरलेले पाच फोनमध्ये डोकं घालून बसले. गौरव असा की भीक नको पण कुत्रा आवर.

मी त्यांच्या खोलीत गेले. म्हटलं, "माझ्यामुळे झालं हे सगळं. मी तोंड मिटून बसले असते तर..."

"तू चांगल्यासाठीच केलंस," ते म्हणाले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

मग ते म्हणाले, "नोएमी आहे ना अजून. ती घेते तसा वर्ग."

नोएमी बारेरा त्यांचीच विद्यार्थिनी. आईवडील मांसाच्या कारखान्यात हाडं सोडवायच्या रांगेत. तेरा वर्षांपूर्वी ११०ला आली तेव्हा मान वर करून बोलत नसे. पुढे शिकली आणि आमच्याकडेच पहिल्या वर्षाच्या लेखनाच्या वर्गाला शिकवायला लागली, वर्षा-वर्षाच्या करारावर. पंचवीस मुलं. तिला स्वतंत्र खोली नव्हती, म्हणून जिन्याखाली दोन खुर्च्या टाकून बसायची, आणि जिन्यावरून उतरताना तिचा आवाज यायचा, "इथे का थांबलास रे?" ब्रेक्के हल्ली दुपारी उगाच त्या जिन्याने खाली-वर करायचे. मी बघायची आणि काही बोलत नसे. त्यांच्या सत्तावीस वर्षांतलं जे काही जिवंत उरलं होतं, ते त्या जिन्याखाली होतं.

आता आमचा नियम असा की बक्षिसाची सुट्टी संपवून जो परत येतो, तो त्या वर्षीच्या निवड समितीचा प्रमुख. पुढच्या वसंतात अखेरीला दोन नावं उरली. एक ब्रेंट हॉलिस, त्या पडद्यावरच्या ११०साठी. दुसरं नोएमी. समितीतले बाकी दोघे एकमेकांच्या विरुद्ध, म्हणजे निकाल ब्रेक्केंच्या हातात.

नोएमी माझ्या टेबलापाशी आली. मला ती दोन्या आर्लीन म्हणते, तिच्या घरी वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं.

"दोन्या आर्लीन, खरं का? प्रमुख प्रोफेसर ब्रेक्के आहेत?"

"खरं. पण मी तुला सांगितलं नाही हं."

तिने छातीवर क्रॉसची खूण केली आणि हसत गेली. मीही निर्धास्त झाले. डोळे मिटून तिलाच देतील, दुसरं काय करतील? मतं बंद पाकिटातून सरळ डीनकडे जातात. निकालावर सही झाल्यावर फाइल माझ्याकडे आली, लावून ठेवायला. मी उघडली. ब्रेक्केंच्या अक्षरात, हॉलिस: दहापैकी नऊ. बारेरा: दहापैकी दोन. खाली एक ओळ, 'अध्यापनात उल्लेखनीय असे काही आढळले नाही.'

मी ती तीनदा वाचली. मग फाइल तशीच घेऊन त्यांच्या खोलीत शिरले, दारावर टकटक न करता.

"हे काय केलंत तुम्ही?"

त्यांच्या चेहऱ्यावर, देवा, समाधान होतं. "बस, आर्लीन. ब्रेंटला वर्षभर सुट्टी मिळाली तर काय बिघडतं? त्याच्या चित्रफिती त्याच्याशिवायही चालतात. तो कुठे शिकवत होता? पण नोएमीला बक्षीस मिळालं असतं तर वर्षभर तिचा वर्ग दुसऱ्याकडे गेला असता. मग तो परत मिळाला नसता. मला ठाऊक आहे ना. तिचा वर्ग वाचला."

"प्रोफेसर, तिचा करार संपतोय."

"दर वर्षी संपतो आणि दर वर्षी होतो."

"या वर्षीपासून नाही. तीन वर्षं झालेल्यांना आता तेव्हाच ठेवतात, जेव्हा काही गौरव झालेला असतो. सगळ्या करारवाल्यांना पत्र गेलं शरद ऋतूत. जिन्याखाली बसून तिने मला वाचून दाखवलं. हे बक्षीस मिळालं असतं तर ती राहिली असती. तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं. कुठून असणार? पंचवीस वर्षं ज्याची नोकरी कायम आहे, त्याच्याकडे तसलं पत्र येतच नाही. ही मोठी शिकलेली माणसं दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला काय वाटलं ते सांगतील, पण शेजारच्या करारवाल्याची नोकरी कशावर टांगलेली आहे ते त्यांना ठाऊक नसतं. ब्रेक्केसुद्धा शेवटी त्यांच्यातलेच. हे सांगताना मला वाईट वाटतं, पण खरं आहे ते आहे.

ते टोपी न घालताच डीनकडे गेले. मत बदलायचं म्हणाले. सही झालेलं मत बदलत नाही. चुकून लिहिलं म्हणाले. डीन म्हणाले, "तुम्ही राज्यातले नावाजलेले शिक्षक. तुम्हालाच तिच्यात काही दिसलं नाही, तर आम्हाला काय दिसणार?" आणि दहा दिवसांनी नोएमीला जे पत्र गेलं, त्यात करार पुढे न वाढवण्याचं कारण म्हणून तीच ओळ होती, शब्दनशब्द. मीच टाइप केलं ते. नाही म्हणता आलं असतं का? आलं असतं. दुसऱ्या कुणी केलं असतं, एवढाच काय तो फरक, असं मी स्वतःला सांगते.

तिचा लेखनाचा वर्ग ब्रेंटच्या कक्षाकडे गेला. चित्रफिती तयार व्हायला सहा आठवडे लागले.

मे महिन्यात ती सामान न्यायला आली. सामान ते काय, एक खोकं. ब्रेक्के माझ्या टेबलापाशी उभे होते. गेले तीन दिवस ते सकाळपासून तिथेच येऊन थांबत होते, तिला गाठायला. ती खोकं घेऊन आत आली तशी त्यांनी टोपी काढली.

"नोएमी, ती ओळ मी लिहिली."

"तुम्ही नाही. ती दुसऱ्या कुणाची तरी असणार."

"मी. तुला दोन गुणही मीच दिले. तुझा वर्ग कुणी काढून घेऊ नये म्हणून. माझा काढला तसा. मला त्या कराराचं माहीत नव्हतं, नोएमी. मला वाटलं मी..."

मला उठून बाहेर जावंसं वाटत होतं, पण मी खुर्चीतच बसून राहिले.

नोएमीने खोकं टेबलावर ठेवलं. रडली नाही, आवाजही चढवला नाही. "मला विचारायचं होतंत," ती म्हणाली. "जिन्याखालीच तर होते मी. रोज जात होतात तुम्ही तिथून."

"हो."

"रांगेत काम करताना आईची बोटं गेली आहेत, प्रोफेसर. दोन. ती म्हणत होती, या वर्षी तुझं पक्कं झालं की मी काम सोडते. समिती बसली त्या दिवशी मी तिला फोन केला होता. म्हटलं, सोडलंस तरी चालेल, प्रमुख ते आहेत."

तिने खोकं उचललं. माझ्याकडे बघून मान हलवली, नेहमीसारखी, आणि दाराकडे वळली. ब्रेक्के तिच्यासाठी दार उघडायला पुढे झाले. "नको," ती म्हणाली, आणि खांद्याने दार ढकलून गेली.